प्रस्तावना : अपराध, दया आणि दयेची किंमत

दुसऱ्याने केलेल्या अपराधाला माणसाने कसे सामोरे जावे, या प्रश्नाचे ख्रिस्ती परंपरेने दिलेले उत्तर सामान्यतः दोन शब्दांत सांगितले जाते : क्षमा करावी. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कारण क्षमा कोणी करावयाची, कोणत्या अपराधाची करावयाची, अपराध्याने त्याआधी काही करणे आवश्यक आहे की नाही, आणि क्षमा केल्यानंतर न्यायालय, तुरुंग व भरपाई यांचे काय होते, यांपैकी एकाही प्रश्नाचा उलगडा त्यातून होत नाही. छळाच्या काळात श्रद्धा नाकारलेल्यांना परत सामावून घ्यावे काय, धर्मगुरूच्या मारेकऱ्यांना देहदंड व्हावा काय, वर्णद्वेषी राजवटीच्या हस्तकांना खटल्यातून मोकळे करावे काय, असे हे प्रश्न दोन हजार वर्षांत वेळोवेळी प्रत्यक्ष व्यवहारात उभे राहिले आणि दर वेळी त्यांचे उत्तर नव्याने शोधावे लागले. हा शोध प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन असे, की ख्रिस्ती विचारातील दयेची कसोटी तिच्या औदार्यात शोधून सापडत नाही; ती दयेची किंमत कोण मोजतो या प्रश्नात सापडते. दया करणाऱ्याने तिचा तोटा स्वतः सोसला असेल तर ती दया होय, आणि तो तोटा तिसऱ्याच कोणाच्या, बहुधा दुबळ्याच्या, माथी मारला गेला असेल तर तो दयेच्या नावाने केलेला दुसरा अन्याय होय.

विवेचनाला आरंभ करण्यापूर्वी काही संज्ञा वेगळ्या करून ठेवणे इष्ट आहे, कारण या विषयावरील बराचसा गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून झालेला आहे. ‘क्षमा’ म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने सूडाचा हक्क आणि मनातला वैरभाव सोडून देणे. हे कृत्य मूलतः अन्याय सोसणाऱ्याचे असून ते दुसऱ्या कोणाला त्याच्या वतीने परस्पर करता येत नाही. ‘समेट’ म्हणजे तुटलेला संबंध पुन्हा जुळणे; त्याला दोन्ही पक्ष लागतात, आणि म्हणून क्षमा झाली तरी समेट होईलच असे नाही. ‘माफी’ ही सत्तेची कृती आहे : भारतीय राज्यघटनेच्या ७२व्या व १६१व्या अनुच्छेदांनुसार राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना शिक्षा माफ वा कमी करण्याचा जो अधिकार आहे, ज्यासाठी केलेल्या विनंतीला व्यवहारात ‘दयेचा अर्ज’ म्हणतात, तो या वर्गात मोडतो. ‘दया’ ही या तिन्हींहून व्यापक असून, अपराध्याकडे त्याच्या अपराधापलीकडे पाहण्याची आणि त्याचे भले इच्छिण्याची वृत्ती असा तिचा अर्थ येथे घेतला आहे. ती कधी क्षमेच्या रूपाने प्रकट होते, कधी सौम्य शिक्षेच्या, कधी कठोर कानउघाडणीच्या, तर कधी अपराध्याच्या कुटुंबाला दिलेल्या आधाराच्या. ‘पश्चात्ताप’ म्हणजे केवळ हळहळ नव्हे, तर अपराधाची कबुली, मार्गबदल आणि शक्य तेथे नुकसानीची भरपाई या तिन्ही गोष्टी होत.

या विषयाचा शास्त्राधार म्हणून सर्वाधिक उद्धृत होणारा उतारा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात आहे. आपल्या भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय, असे पेत्र या शिष्याने विचारले असता येशूने सातांच्या कितीतरी पटींची संख्या सांगितली आणि पाठोपाठ एक दृष्टांत दिला. एका राजाच्या सेवकाकडे दहा हजार तालांत येणे होते. तो फेडू शकत नाही असे पाहून राजाने सारे कर्ज सोडले. परंतु त्याच सेवकाने आपले शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरला व त्याला तुरुंगात टाकले. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, हे ध्यानात घेतले की पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते आणि दुसऱ्याच्या सहा लाख पट होते, असे दिसते. या आकड्यांतून देवाने माणसाला केलेल्या क्षमेपुढे माणसाने माणसाला करावयाची क्षमा किती लहान आहे, हे दाखविण्याचा हेतू उघड आहे, आणि प्रवचनांत त्यावरच भर दिला जातो. परंतु दृष्टांताची एक बाजू तेवढीच महत्त्वाची असून ती सहसा दुर्लक्षित राहते : राजाने सोडलेले कर्ज त्याचे स्वतःचे होते. ते त्याच्या खजिन्यातून गेले. प्रजेच्या ठेवी वळवून किंवा दुसऱ्या कोणाचे येणे बुडवून त्याने औदार्य दाखविले नाही.

याच अध्यायाचा क्रमही बोलका आहे. पेत्राच्या प्रश्नाआधी येशूने अपराध करणाऱ्या भावाशी कसे वागावे याची पद्धत सांगितली आहे : आधी एकांतात त्याचा अपराध त्याच्यापुढे मांडावा, ऐकले नाही तर एकदोघा साक्षीदारांना सोबत न्यावे, तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायापुढे, गोष्ट न्यावी. म्हणजे अमर्याद क्षमेची शिकवण अपराधाला अपराध म्हणण्याच्या शिस्तीनंतर येते, तिच्या जागी येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातही, १७व्या अध्यायात, दोषाबद्दल बजावणे, पश्चात्ताप आणि क्षमा असाच क्रम आहे. आणि त्याच शुभवर्तमानातील जक्कय नावाचा जकातदार येशू त्याच्या घरी उतरल्यानंतर, फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे व निम्मी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे जाहीर करतो. येथे अनुग्रह आधी आला आणि भरपाई मागून आली, हे खरे. तथापि भरपाई आली, आणि ज्यांचे पैसे बुडाले होते त्यांच्याकडे ती गेली. प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्र हे या विचाराचे सर्वांत नेमके व्यावहारिक उदाहरण म्हणता येईल. फिलेमोन या धन्यापासून दुरावलेल्या अनेसिम या दासाला परत स्वीकारावे अशी विनंती करताना पौल, अनेसिमाने काही नुकसान केले असल्यास ते आपल्या खात्यावर मांडावे असे लिहून स्वहस्ते फेडीची हमी देतो. दुसऱ्याला दया करावयास सांगणाऱ्याने त्या दयेच्या खर्चात सहभागी व्हावे, असा दंडक या पत्रातून निघतो. पत्राची मर्यादाही नजरेआड करता येत नाही, कारण दासप्रथा हाच एक मोठा अन्याय होता आणि त्याविषयी पौल येथे स्पष्टपणे काही बोलत नाही.

ही शिकवण शून्यातून उगवलेली नाही. ख्रिस्ती लेखकांनी अनेक शतके यहुदी धर्म म्हणजे कोरडा न्याय आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे दया अशी मांडणी केली; ती ऐतिहासिक दृष्ट्या टिकत नाही आणि तिने यहुदी समाजाचे फार अहित केले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ आपल्याला विकणाऱ्या भावांना जवळ करतो, पण त्याआधी त्यांच्यात बदल झाला आहे की नाही याची दीर्घ परीक्षा घेतो. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी विधिसंग्रहातील ‘योमा’ या प्रकरणात असे सांगितले आहे, की प्रायश्चित्ताचा दिवस माणसाने देवाविरुद्ध केलेल्या पापांचे क्षालन करतो, परंतु शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या पापांचे क्षालन त्या शेजाऱ्याचे समाधान केल्यावाचून होत नाही. ज्याचे देणे त्याच्यापाशीच मिटविले पाहिजे, हा या नियमाचा गाभा प्रस्तुत ग्रंथाच्या प्रतिपादनाला फार जवळचा आहे.

दयेची भीती ही देखील या इतिहासाचा एक भाग आहे. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला धोंडमारापासून वाचविणारी येशूची गोष्ट आज योहानकृत शुभवर्तमानाच्या ८व्या अध्यायाच्या आरंभी छापली जाते; परंतु त्या शुभवर्तमानाच्या उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती नाही. ती मुळात दुसऱ्या परंपरेतून येथे आली असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाचव्या शतकाच्या आरंभी हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने मात्र वेगळा तर्क केला होता : आपल्या स्त्रियांना पापाची मोकळीक मिळेल या भीतीने काही पुरुषांनी ती आपल्या प्रतींतून वगळली असावी. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा तर्क दुबळा असला तरी समाजचिकित्सेच्या दृष्टीने तो मार्मिक आहे. दयेचा उपदेश करणाऱ्या समाजातही ती कोणाला मिळावी याबाबत हातचे राखले जाते, आणि दुबळ्यांच्या वाट्याला दया येऊ लागली की नीतीच्या ऱ्हासाची चिंता उफाळून येते, हे त्याने ओळखले होते.

संस्था म्हणून ख्रिस्तसभेला या प्रश्नाची पहिली मोठी झळ लागली ती इ.स. २५०मध्ये. सम्राट डेसियस याने साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करावा व तसे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम काढला. इजिप्तच्या वाळूत सापडलेली अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे आज उपलब्ध आहेत. कार्थेज या उत्तर आफ्रिकेतील शहरात पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण केला, कित्येकांनी लाच देऊन नुसते प्रमाणपत्र मिळविले, आणि थोड्यांनी तुरुंग व यातना पत्करल्या. छळ ओसरू लागताच पतितांना, म्हणजे श्रद्धेपासून ढळलेल्यांना, परत घेण्याचा प्रश्न उभा राहिला. तुरुंगवास सोसलेल्या निष्ठावंतांना मोठा मान होता आणि ते पतितांना शिफारसपत्रे देऊ लागले. त्यांतील काही पत्रे तर व्यक्तीचे नाव घालून तिच्या सगळ्या परिवाराला एकगठ्ठा लागू करण्यात आली होती. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः छळाच्या काळात अज्ञातवासात गेला होता आणि त्यामुळे त्याच्या अधिकाराविषयी कुरबुर होती. तरीही त्याने या सरसकट पत्रांना विरोध केला. रोममध्ये नोव्हेशियन याने उलट टोक गाठून पतितांना सभेत पुन्हा स्थान देण्यासच नकार दिला आणि वेगळा पंथ उभारला. इ.स. २५१च्या कार्थेजच्या धर्मपरिषदेने मधला मार्ग काढला : नुसते प्रमाणपत्र घेतलेल्यांचा विचार एकेकाची परिस्थिती तपासून करावा, आणि प्रत्यक्ष बळी अर्पण केलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करीत राहावे व मृत्युसमयी त्यांना सहभागिता द्यावी. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा प्रायश्चित्त करीत असलेल्यांना आधीच परत घेण्यात आले. या प्रकरणाचा विशेष असा, की स्वस्त दया आणि दयेला नकार या दोन्ही टोकांत अपराध्याची व्यक्ती म्हणून दखल घेतली जात नाही. सरसकट पत्र तिला विचारीत नाही आणि सरसकट बंदीही तिला विचारीत नाही.

याच भूमीत दीडशे वर्षांनंतर ऑगस्टीनपुढे अधिक कठीण प्रसंग आला. डोनाटिस्ट नावाच्या प्रतिस्पर्धी ख्रिस्ती पंथातील काही जणांनी त्याच्या बिशपक्षेत्रातील रेस्टिट्यूटस या धर्मगुरूला ठार केले, आणि इनोसेंशियस या दुसऱ्या धर्मगुरूचा डोळा फोडून बोट तोडले. आरोपींनी कबुली दिली. त्या वेळी, इ.स. ४११-१२च्या सुमारास, ऑगस्टीनने शाही अधिकारी मार्सेलायनस याला पत्र लिहून अशी विनवणी केली, की या गुन्हेगारांना त्यांनी केले तसलेच शासन होऊ नये. त्यांना दुष्कृत्यापासून रोखावे, उपयुक्त कामाला लावावे, पण अंगविच्छेद वा देहदंड करू नये. यात गुन्ह्याची भीषणता त्याने लपविली नाही आणि गुन्हेगारांना सोडून द्यावे असेही म्हटले नाही. ज्या समुदायाची माणसे मारली गेली त्याचाच प्रमुख रदबदली करीत होता, म्हणून त्या रदबदलीला वजन होते. तथापि ऑगस्टीनला दयेचा निर्दोष आदर्श मानणे इतिहासाला धरून होणार नाही. कारण त्यानेच डोनाटिस्टांना सक्तीने मुख्य ख्रिस्तसभेत आणण्यासाठी राजसत्तेचा वापर योग्य ठरविला, आणि त्याच्या त्या युक्तिवादांचा पुढील शतकांत धार्मिक सक्तीच्या समर्थनासाठी उपयोग झाला. शरीराला दया दाखविताना सद्‌सद्विवेकाच्या स्वातंत्र्याला दया न दाखविण्याचा हा विरोधाभास ग्रंथात स्वतंत्रपणे तपासला आहे.

तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने दया आणि न्याय यांच्या संबंधाला तात्त्विक आकार दिला. त्याच्या मते दया न्यायाला बाजूला सारत नाही, तर त्याची परिपूर्ती करते. ज्याचे शंभर दीनार देणे आहे त्याला कोणी स्वतःजवळचे दोनशे दिले तर न्यायाचा भंग होत नाही, आणि स्वतःविरुद्ध झालेला अपराध सोडून देणाऱ्याचेही तसेच आहे. ‘स्वतःजवळचे’ आणि ‘स्वतःविरुद्ध’ ही दोन विशेषणे येथे निर्णायक आहेत, कारण अन्यत्र तो असेही स्पष्ट करतो, की दुसऱ्याविरुद्ध घडलेल्या अपराधाची शिक्षा देणे ज्याचे कर्तव्य आहे अशा न्यायाधीशाला ती आपल्या मर्जीने सोडून देता येत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधील जोसेफ बटलर याने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत अन्यायाबद्दल वाटणाऱ्या संतापाची बाजू घेतली : हा संताप देवाने मनुष्यस्वभावात हेतुपूर्वक ठेवलेला असून तो दुबळ्यांचे रक्षण करतो, क्षमेची आज्ञा त्या संतापाच्या अतिरेकाला, म्हणजे द्वेषाला आणि सूडाला, लागू होते. अन्याय पाहून ज्याला काहीच वाटत नाही त्याला क्षमाशील म्हणता येणार नाही, कारण त्याच्यापाशी सोडून देण्याजोगे काही नाही, असा निष्कर्ष बटलरच्या विवेचनातून काढता येतो. नाझी राजवटीत १९३७ साली डीट्रिख बॉनहफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने ‘स्वस्त कृपा’ ही संज्ञा रूढ केली. पश्चात्तापाविना क्षमेचा उपदेश करणाऱ्या आपल्याच मंडळीवरील ती टीका होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा सारा विचार एका संपूर्ण राष्ट्राच्या पातळीवर कसाला लागला. वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर दक्षिण आफ्रिकेत १९९५च्या कायद्याने स्थापन झालेल्या सत्य आणि समेट आयोगाचे अध्यक्षपद अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्याकडे होते, आणि एप्रिल १९९६मध्ये ईस्ट लंडन या शहरात पहिली जाहीर सुनावणी झाली. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण हकीकत उघड करणाऱ्याला माफी मिळू शकत होती; पश्चात्ताप दाखविण्याची अट कायद्यात नव्हती. सात हजारांहून अधिक अर्जांपैकी ८४९ अर्जदारांना माफी मिळाली. टुटू यांनी सुनावण्यांना प्रार्थनेचा आणि क्षमेच्या भाषेचा जो सूर दिला, त्यामुळे अनेक पीडितांना आपली व्यथा प्रथमच राष्ट्रापुढे मांडता आली; पण त्याच सुरामुळे क्षमा न करणाऱ्या पीडितांवर दडपण आले, अशीही टीका झाली. माफी मिळालेल्यावर फौजदारी खटला तर चालणार नव्हताच, दिवाणी दावाही लावता येणार नव्हता, म्हणून पोलीस कोठडीतील मारहाणीमुळे १९७७ साली मृत्यू पावलेल्या वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काहींनी संवैधानिक न्यायालयाकडे धाव घेतली; न्यायालयाने जुलै १९९६मध्ये, शांततापूर्ण सत्तांतराची ती गरज होती असे मानून, कायदा कायम ठेवला. म्हणजे माफीची किंमत कायद्यानेच पीडितांकडून घेतली होती, आणि तिच्या बदल्यात राज्याने भरपाई देणे हे नैतिक ऋण होते. आयोगाने प्रत्येक पीडिताला सहा वर्षे दर वर्षी सुमारे १७,००० ते २३,००० रँड द्यावेत अशी शिफारस केली. सरकारने २००३मध्ये एकदाच ३०,००० रँड देण्याचे जाहीर केले. या आयोगाचे नैतिक मोठेपण मान्य करूनही, त्याच्या दयेचा ताळेबंद अपुरा राहिला असे म्हणणे भाग आहे.

भारतातील दोन घटना या ताळेबंदाची वेगळी बाजू दाखवितात. ओडिशातील मनोहरपूर येथे २२-२३ जानेवारी १९९९च्या रात्री कुष्ठसेवक ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे, फिलिप व टिमोथी, यांना ते झोपले असलेल्या गाडीत जाळून मारण्यात आले. पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि बारीपदा येथील कुष्ठसेवेचे काम त्या पुढे काही वर्षे चालवीत राहिल्या. परंतु त्या क्षमेमुळे खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला २००३मध्ये देहदंड ठोठावला गेला, २००५मध्ये उच्च न्यायालयाने तो जन्मठेपेत बदलला आणि जानेवारी २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. येथे क्षमा आणि न्याय आपापल्या वाटांनी चालले. मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसप्रवासात भोसकून हत्या झाली. गरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्याच्या त्यांच्या कामामुळे दुखावलेल्यांनी मारेकऱ्याला त्यासाठी उद्युक्त केले होते. २००२मध्ये त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली, कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला, २००६मध्ये तो सुटला आणि पुढे केरळात जाऊन त्याने मृत सिस्टरच्या आईची भेट घेतली. येथे क्षमा समेटापर्यंत गेली, कारण मारेकऱ्याने अपराध मान्य केला होता आणि पुढचे प्रत्येक पाऊल ज्यांचे माणूस गेले होते त्यांनीच उचलले होते. दोन्ही घटनांत समान असलेली गोष्ट ही, की क्षमेचा शब्द जखम झालेल्या घरातून निघाला. बाहेरच्या कोणी तो त्यांच्या तोंडी घातला नाही.

याच्या अगदी उलट प्रकार ख्रिस्तसभेच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत लाजिरवाण्या प्रकरणात घडला. बालकांचे लैंगिक शोषण करणाऱ्या धर्मगुरूंबाबत बिशपांनी अनेक देशांत जे धोरण ठेवले, ते २००२मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील वृत्तपत्रीय शोधानंतर जगापुढे आले : अपराध्याला समज देऊन, उपचाराला धाडून, दुसऱ्या धर्मग्रामात नेमणूक देण्यात येत असे. त्याच्यावर दया केली असे वरिष्ठांना वाटत असेलही, पण त्या दयेची किंमत नव्या धर्मग्रामातील मुलांनी मोजली, आणि आधीच्या पीडितांना क्षमेचा व मौनाचा उपदेश मिळाला. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१५ ते नोव्हेंबर २०१६ हे दयेचे विशेष जयंतीवर्ष म्हणून पाळविले. त्याच पोपनी २०२१मध्ये कॅनन कायद्याच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अंतर्गत कायद्याच्या, दंडविषयक भागाची पुनर्रचना केली आणि प्रीती व दंड यांचे निकटचे नाते न ओळखल्याने मोठी हानी झाल्याचे त्या वेळी नमूद केले. दयेवर एवढा भर देणाऱ्याने दंडाचे नियम अधिक काटेकोर करावेत यात विसंगती नाही. मेंढपाळाने लांडग्यावर केलेली दया कळपाला महागात पडते, हे या प्रकरणाने पुरेसे सिद्ध केले आहे.

मराठी वाचक या विषयाकडे कोऱ्या मनाने येत नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या प्रार्थनेत दुष्टांच्या नाशाऐवजी त्यांचा दुष्टपणा जावा असे मागणे मागितले आहे, आणि वारकरी संस्कारात वाढलेल्या मनाला अपराधी व अपराध यांतील हा भेद परिचित आहे. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले, त्यामागे भक्ती आणि करुणा यांची ही जवळीक होती. परंतु महाराष्ट्रात या विषयाची दुसरी, अधिक बोचरी बाजूही आहे. अहमदनगर परिसरातील मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांचे बहुसंख्य सभासद महार व मांग समाजांतून आलेले होते; पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी अस्पृश्यता सोसली त्यांना क्षमेची शिकवण मिळाली, पण ज्यांनी ती लादली त्यांच्याकडून कबुली वा भरपाई क्वचितच आली. अशा स्थितीत क्षमेचा उपदेश हा अन्याय मुकाट्याने सोसण्याचा उपदेश ठरतो काय, हा प्रश्न दलित ख्रिस्ती विचारवंतांनी रास्तपणे उपस्थित केला आहे. ग्रंथाच्या प्रतिपादनानुसार त्याचे उत्तर असे, की पीडिताची क्षमा हे त्याचे स्वतःचे दान आहे. ते मागण्याचा अधिकार पश्चात्ताप करणाऱ्यालाच आहे, आणि उपदेशकाला तो अधिकार तेव्हाच मिळतो जेव्हा तो पौलाप्रमाणे नुकसान आपल्या खात्यावर मांडावयास तयार असतो.

एक मतभेद मात्र सोडविल्याचा दावा येथे केलेला नाही. पश्चात्ताप ही क्षमेची पूर्वअट आहे की तिचे फळ, याविषयी ख्रिस्ती परंपरेत दोन प्रवाह आहेत. पहिला प्रवाह लूकच्या १७व्या अध्यायातील क्रमाचा आधार घेतो. दुसरा जक्कयाच्या गोष्टीचा आणि क्रुसावरील येशूने आपल्या मारेकऱ्यांसाठी, त्यांनी मागितलेली नसताना, केलेल्या प्रार्थनेचा. वर केलेला संज्ञाभेद येथे काही अंशी उपयोगी पडतो : वैरभाव सोडण्यासाठी अपराध्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून क्षमा एकतर्फी असू शकते, समेटासाठी मात्र पश्चात्ताप अपरिहार्य आहे. तरी अंतःकरणात केलेली पण अपराध्यापर्यंत न पोचलेली क्षमा पूर्ण म्हणावी काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पुढील प्रकरणांत समतोलपणे मांडले आहेत.

ग्रंथाची मांडणी या विवेचनाला धरून आहे. आरंभीचा भाग शास्त्राधाराचा असून त्यात हिब्रू व ग्रीक ग्रंथांतील अपराध, कर्ज आणि भरपाई यांविषयीच्या कल्पना येतात. दुसरा भाग कार्थेजपासून मध्ययुगीन पापनिवेदनाच्या प्रथेपर्यंतचा, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करून प्रायश्चित्त घेण्याच्या प्रथेपर्यंतचा, इतिहास सांगतो. तिसरा आधुनिक न्यायव्यवस्था, तुरुंग आणि माफीचे अधिकार यांचा विचार करतो. आणि चौथ्यात घर, शाळा व कामाची जागा येथील रोजच्या लहान अपराधांना कसे सामोरे जावे याची चर्चा आहे. शेवटच्या भागाला कमी लेखू नये, कारण हत्याकांडाला क्षमा करण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो, पण चहाडी करणारा सहकारी, उसने बुडविणारा नातलग आणि अपमान करणारा शेजारी यांच्याशी गाठ प्रत्येकाची पडते. मोठ्या प्रसंगांतून निघालेली कसोटी तेथेही लागू होते. अपराधाचे नाव स्पष्ट घ्यावे. तो मांडताना अपराध्याला सुधारण्यास वाव ठेवावा. जे स्वतःचे येणे आहे तेवढेच सोडावे. दुसऱ्याचे येणे असेल तर ते मिळवून देण्यास साहाय्य करावे. आणि कोणाला क्षमा करावयास सांगण्याआधी त्याच्या तोट्यातला आपला वाटा ठरवावा. ख्रिस्ती दया एवढे मागते, आणि हे मागणे भावनेच्या उमाळ्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.